वाचकांचे प्रश्न : कथाचित्रांतील माणसे आणि त्यांची जागा

गोष्टीच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे नाशिक शहर आणि परिसरातून आली, त्यामुळे उत्तरांतील उदाहरणेही इथलीच घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पंचवटीत राहते आणि चित्रकलेच्या शेवटच्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी आजी आणि नात यांच्या गोष्टीची चित्रे काढत आहे. आजी एका प्रसंगात रागावलेली, दुसऱ्यात दुखावलेली आणि तिसऱ्यात आनंदलेली आहे. मी भुवया आणि ओठ बदलते, पण बाकी आजी तशीच राहते आणि चित्रात भाव दिसत नाही, असे सगळे म्हणतात. भाव आणायचा कसा?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या तिन्ही कच्च्या चित्रांत आजी समोर तोंड करून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन आणि हात बाजूला सोडून उभी आहे. अशा देहावर कोणताही चेहरा बसवला तरी तो मुखवट्यासारखा वरून लावलेला दिसणार, कारण माणसाचा राग किंवा आनंद मानेत, खांद्यांत, पाठीच्या कण्यात आणि विशेषतः हातांत उतरलेला असतो. नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. ही यादी चित्रकाराच्या नजरेने वाचून पाहावी. वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे) आणि अश्रू मुख्यतः चेहऱ्यावर दिसतात. पण जागच्या जागी खिळणे, अंगावर काटा येणे, कापणे आणि भान हरपून कोसळणे या साऱ्या देहाच्या गोष्टी आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात मार्कंडेय वज्र राजाला सांगतात की, नृत्यशास्त्र जाणल्याशिवाय चित्रसूत्र कळणे अवघड आहे. कथाचित्रकाराने या वचनाचा अगदी व्यावहारिक अर्थ घ्यावा, असे मला वाटते : जी मुद्रा काढायची ती आधी स्वतः करून पाहावी आणि भार कोणत्या पायावर आला, कुठला स्नायू ताणला गेला, हे अंगाने समजून घ्यावे.

माझी पहिली सूचना अशी की, आजीला उभी ठेवू नका, तिला काम द्या. समजा, ती ओट्यावर एक गुडघा उभा करून, सूप पुढ्यात घेऊन गहू निवडत बसली आहे. ती रागावली असेल, तर हात थांबत नाहीत, उलट बोटे नको इतकी वेगाने चालतात, खडे सुपाबाहेर जरा दूर जाऊन पडतात, कोपर अंगापासून सुटलेले असते आणि मान नातीकडे वळते, पण धड वळत नाही. ती दुखावली असेल, तर पाठ अधिक वाकते, चेहरा सुपाजवळ जातो, एकच दाणा दोन बोटांत धरलेला राहतो आणि नात शेजारी उभी असूनही ती वर बघत नाही. आनंदाच्या प्रसंगात सूप मांडीवर टेकते, मनगटे सैल पडतात, मान उचलली जाते आणि उभा गुडघा किंचित बाहेर कलतो. या तीन बैठकी डोळे, नाक, तोंड न काढता नुसत्या रेषेत काढून घरच्यांना दाखवा. कोणती कोणत्या प्रसंगाची, हे त्यांनी न विचारता ओळखले, तर चेहरा काढायला घ्या. नाही ओळखले, तर चेहरा काढून उपयोग होणार नाही. हीच चाचणी आणखी कडक करायची असेल, तर आकृती पूर्ण काळी भरून टाका. नुसत्या बाह्याकृतीतही हात, सूप आणि मान स्वतंत्र कळली पाहिजेत. हात धडासमोर आला की तो काळ्या आकृतीत हरवतो, म्हणून महत्त्वाची कृती शक्यतो देहाच्या कडेला आणावी.

चेहऱ्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. फ्रेंच वैद्य गियोम द्युशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला आणि मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर खेचणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळला जातो, हे दाखवून दिले. तुमच्या आनंदी आजीचे ओठ वर गेले आहेत, पण खालच्या पापण्या सपाट आहेत आणि गाल जागचे हललेले नाहीत, म्हणून ती फोटोसाठी हसल्यासारखी दिसते. गाल वर ढकला, खालची पापणी उचला, डोळा बारीक करा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी दोनच सुरकुत्या द्या. सुरकुत्यांचा मोह आवरावा. वय त्यांच्यावर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते पाठीच्या बाकावर आणि मान पुढे येण्यावर अवलंबून असते. पाठ वाकल्यामुळे आजीला समोर बघण्यासाठी हनुवटी उचलावी लागते, आणि तो एक कोन बरोबर आला की केस पांढरे केले नाहीत तरी ती आजीच वाटते.

नातीचे प्रमाणही तपासा. प्रौढ माणसाची उंची सुमारे साडेसात डोक्यांएवढी धरतात, तर वर्षाच्या बाळाची चार डोक्यांएवढी. तुमची सात-आठ वर्षांची नात साडेसात डोक्यांची झाली आहे, म्हणून ती लहान मापाची बाई दिसते. तिला सहा डोक्यांच्या आसपास आणा आणि डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली घ्या.

प्रश्न : मी सिन्नरला प्राथमिक शिक्षक आहे. जुन्या नाशकातील तांबटाच्या घरातली एक गोष्ट मुलांसाठी लिहिली आहे आणि चित्रेही मीच काढत आहे. वाडा, दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन असे सर्व काही काढले, तरी तो वाडा नाटकाच्या पडद्यासारखा वाटतो. घर खरे वाटण्यासाठी आणखी किती तपशील घालावेत?

उत्तर : आपल्या चित्रात तपशील पुरेसे आहेत, किंबहुना थोडे जास्तच आहेत. उणीव आहे ती कारणांची. घरातील प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथे का आहे आणि तिला रोज कोणाचा हात लागतो, हे ठरले की घर उभे राहते.

पायापासून सुरुवात करू. आपला सारा परिसर काळ्या बेसॉल्टचा आहे, त्यामुळे जुन्या वाड्यांचे जोते घडीव काळ्या दगडाचे, त्यावर लाकडी खांब व तुळया आणि वरच्या भिंती विटांच्या, असा क्रम दिसतो. आपण जोते आणि भिंत एकाच रंगात, एकाच पोताने काढली आहे, म्हणून घराला वजन नाही. दगड गडद आणि त्याचे सांधे बारीक ठेवा; वीट जिथे गिलावा निघाला आहे तिथेच दाखवा, आणि गिलावा निघतो तो पागोळ्यांचे पाणी उडते तिथे, जमिनीलगत, किंवा वर पन्हळ गळते तिथे. भिंतीवर कुठेही मनाला येईल तसे विटांचे ठिगळ काढणे ही पडद्यावरची सवय आहे आणि वाचकाला ती नेमकी सांगता आली नाही तरी जाणवते. पायरी मधोमध झिजलेली हवी. दिंडीची, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दाराची, कडी हाताने घासून चकचकीत आणि तिच्याभोवतीचे लाकूड तेलकट काळे हवे. दिंडीतून आत येणारा मोठा माणूस वाकून येतो, मूल सरळ धावत येते. ही एक गोष्ट दाखवलीत, तर दरवाजाची उंची सांगावी लागणार नाही आणि पात्रांचा स्वभावही त्याच चौकटीत कळेल.

आता तांबटाविषयी. आपण त्याला चौकात मधोमध, दरवाजाकडे तोंड करून बसवले आहे. भांडे मठारणारा, म्हणजे हातोडीने ठोकून घडवणारा, माणूस उजेड पाहून बसतो, कारण हातोडीचा प्रत्येक ठसा शेजारच्या ठशाला लागून पडला आहे की नाही, हे तांब्यावरच्या चमकेवरूनच कळते. म्हणून त्याची बैठक चौकाच्या कडेला, ओसरीच्या सावलीत पण उजेडाकडे तोंड करून असावी. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात हंडा ऐरणीवर थोडा थोडा फिरत असलेला आणि हंडा पक्का राहावा म्हणून पायाचाही आधार. त्याच्या उजव्या खांद्यात आणि डाव्या खांद्यात फरक दाखवा. वर्षानुवर्षे एकाच हाताने ठोकणाऱ्याचे दोन्ही खांदे सारखे नसतात. भोवती काय असेल? हाताच्या अंतरावर दोन-तीन वेगवेगळ्या तोंडांच्या हातोड्या, त्यापलीकडे अर्धवट झालेली भांडी, आणि घरच्यांची जा-ये चालते तेवढी वाट मोकळी. मुले त्या वाटेने धावतील, भांड्यांतून नाही. आपल्या गोष्टीत मुलगा बापाशी बोलायला घाबरतो. मग तो ठोक्यांच्या आवाजात खांबाआड उभा राहून हातोडी थांबण्याची वाट बघत आहे, असे चित्र काढा. त्याचा एक पाय वाटेवर आणि एक खांबामागे असेल. इथे जागा आणि भाव वेगळे करता येत नाहीत, आणि माझ्या मते कथाचित्राचे खरे बळ याच ठिकाणी आहे.

गोष्ट आजच्या काळातील असेल, तर विजेचा मीटर, भिंतीवरून गेलेल्या वायरी, चौकात लावलेली दुचाकी आणि गळक्या कौलांवर टाकलेली निळी ताडपत्री यांना घाबरू नका. जुने घर सुंदर दिसावे म्हणून या गोष्टी पुसल्या जातात आणि त्यांच्यासोबत आत राहणारी माणसेही पुसली जातात. गोष्ट जुन्या काळातील असेल, तर सराफ बाजारातील सरकारवाडा एकदा सावकाश पाहून यावा. मोजपट्टी न्यावी आणि पायरीची उंची, खांबांमधील अंतर, दाराची उंची मोजून लिहून घ्यावी. घरी आल्यावर आठवणीतली मापे फसवतात.

पुराचेही लक्षात असू द्या. नदीजवळच्या वस्तीत घर काढताना पाणी कुठवर येते, हे त्या घराला ठाऊक असते. नाशिककर पूर मोजतो तो नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून : गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्यापर्यंत आले. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले, ते आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी बोलले जात असतील. नदीकाठच्या घरात धान्याची कोठी उंचावर असेल, खालच्या भिंतीवर ओलीची रेघ असेल. ती एक आडवी रेघ इतिहासाच्या परिच्छेदाइतके सांगते.

प्रश्न : गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, बसून जलरंगात चित्रे काढतो. घाट, पायऱ्या आणि देवळे बरी जमतात, पण माणसे तरंगल्यासारखी दिसतात. सावल्याही कृत्रिम वाटतात. (गंगापूर रोड)

उत्तर : तरंगण्याचे कारण बहुधा डोळ्याच्या पातळीत आहे. तुम्ही सपाट जागी उभे असाल, तर क्षितिजरेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते आणि त्याच पातळीवर उभ्या असलेल्या, तुमच्याच उंचीच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांतून ती जाते, मग तो दहा पावलांवर असो की दोनशे. दूरची माणसे लहान काढायची, एवढेच आपण शिकतो. पण ती लहान होतात ती पायांकडून, डोकी जवळपास एका रेषेवरच राहतात. तुम्ही मात्र पायरीवर बसून चित्र काढता. तेव्हा तुमची क्षितिजरेषा खाली येते आणि तुमच्या पायांच्या पातळीवर उभ्या असलेल्यांच्या साधारण कमरेजवळून जाते, जवळच्याही आणि दूरच्याही. जे वरच्या पायऱ्यांवर आहेत ते तेवढ्या उंचीने वर चढतात, पाण्यात उतरलेले तेवढे खाली जातात. पेन्सिलीने ही एक रेषा आधी कागदभर आखून घ्या आणि प्रत्येक माणूस तिच्याशी ताडून पाहा.

पायऱ्यांचेही तसेच आहे. डोळ्याच्या पातळीखालच्या पायऱ्यांचा पाय ठेवण्याचा भाग दिसतो, वरच्यांचा दिसत नाही, फक्त उभी बाजू दिसते. तुमच्या चित्रात अगदी वरच्या पायऱ्यांवरही पाऊल ठेवायची जागा दिसते, त्यामुळे घाट तुमच्याकडे कलला आहे.

सावल्यांसाठी नदीची दिशा आठवा. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्वेच्या काठावर आणि जुने नाशिक पश्चिमेच्या. सकाळी जुन्या नाशकाच्या बाजूने पंचवटीकडे पाहिले, तर सूर्य देवळांच्या मागे असतो. शिखरे गडद आणि सपाट दिसतात, माणसांच्या फक्त कडा उजळतात, सावल्या तुमच्या दिशेने येतात आणि पाणी सर्वांत उजळ असते. त्याच जागेवरून संध्याकाळी तीच देवळे समोरून उजळलेली दिसतात. तुम्ही सकाळचे पाणी आणि संध्याकाळची शिखरे एका कागदावर आणली आहेत, म्हणून सावल्या खोट्या वाटतात. ऋतूचाही हिशेब करावा. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायांखाली गोळा होते. डिसेंबरच्या अखेरीस त्याच वेळी ती जवळजवळ त्याच्या उंचीएवढी लांब आणि उत्तरेकडे पडते. कोणतीही सावली काढताना पायाच्या टाचेला चिकटूनच सुरू करा आणि टेकलेल्या जागी ती सर्वांत गडद ठेवा. तरंगणे तिथल्या तिथे थांबते.

माणसांच्या हालचालीच्या सरावासाठी घाटावरचा बुधवारचा बाजार उत्तम आहे. तराजू तोलणारी, पाटी उतरवणारी, भाव करताना पुढे झुकणारी माणसे तिथे पुनःपुन्हा तीच हालचाल करतात, म्हणून अर्धे राहिलेले चित्र पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी पुरे करता येते. मात्र कोणाला आवडत नसेल, तर वही मिटावी. फोटो काढताना विचारावेच.

प्रश्न : नाशिकरोडला राहतो. डोंगरात कोरलेल्या एका काल्पनिक नगराची चित्रकथा करत आहे. जग पूर्णपणे कल्पनेतले असेल, तर ते विश्वसनीय असण्याची गरज आहे का?

उत्तर : गरज अधिक आहे, कारण वाचकाकडे पडताळायला दुसरे काही नसते. तुमच्या नगरात मनोरे, पूल आणि प्रचंड दरवाजे आहेत, पण पाणी कुठून येते आणि लोक काय खातात, हे कुठेच दिसत नाही. तुमच्या गोष्टीची पाठशाळा पांडवलेणी आहे. डोंगरातली ही २४ लेणी पाहताना मूर्तींकडे जाण्याआधी पाण्याची टाकी कुठे खोदली आहेत, चढण कुठून येते, बसायचे ओटे किती उंच आहेत, हे वहीत घ्या. १८ क्रमांकाच्या चैत्याचा, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचा, दर्शनी भाग पाहा : दगड आहे, पण घडण लाकडी बांधकामाची आहे. कोरणाऱ्यांनी आपल्या ओळखीचे लाकडी घर दगडात नेले. तुमच्या नगरातील लोकही पूर्वी कशात राहत होते, हे ठरवा आणि त्याची खूण नव्या घरांत ठेवा. मग नगराला भूतकाळ येईल.

तिसऱ्या लेण्यात तर माणूस आणि जागा या दोन्हींचे उत्तर एकत्र आहे. त्याच्या दर्शनी भागाखाली धिप्पाड गण जमिनीतून अर्धे वर आलेले दाखवले आहेत, आणि त्यांनी सारे लेणे खांद्यांवर तोलले आहे. ज्या डोंगराला कोणाच्या आधाराची गरज नाही, त्याचे वजन शिल्पकाराने माणसासारख्या देहांवरून दाखवले. तुमच्या महाकाय दरवाजाचे वजनही दरवाजा आणखी मोठा करून दिसणार नाही. तो ढकलणाऱ्या चौघांच्या टाचा, गुडघे आणि माना काढा.

दूरचे डोंगर कसे काढावेत, असेही तुम्ही विचारले आहे. अंतर वाढते तसा उजेड-अंधारातील फरक कमी करा, रंग फिका आणि निळसर करा, कडा मऊ करा. पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यावरून अंजनेरी आणि ब्रह्मगिरी पाहिले, तर हे शिकवावे लागत नाही.

प्रश्न : पान बदलले की माझ्या पात्राचा चेहरा बदलतो. (मालेगाव)

उत्तर : पुस्तकाला हात घालण्याआधी एका कागदावर पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून आणि पाऊण वळलेले, अशा चार स्थितींत एकाच उंचीत काढा आणि शेजारी मोकळ्या हाताने पाच-सहा भाव काढा. त्यातून न बदलणाऱ्या तीनच गोष्टी निवडा : डोक्याचा एकूण आकार, नाक-ओठांतील अंतर आणि एखादी ठळक खूण, जसे उजवीकडे वळलेला भांग. पाने काढताना हा कागद समोर टांगलेला असू द्या. कपड्यांवर किंवा रंगावर ओळख सोपवू नये. प्रसंग रात्रीचा आला की रंग जातो.

प्रश्न : टॅबलेट घ्यावा की कागदावरच सराव करावा? (सातपूर)

उत्तर : वर जे लिहिले आहे ते दोन्हींवर सारखेच करता येते. पैसे जपून वापरायचे असतील, तर आधी स्वस्त वही आणि मऊ पेन्सिल घ्या.

प्रश्न : दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेल्या चित्रात महत्त्वाचा चेहरा बांधणीत गेला. हे कसे टाळावे? (इंदिरानगर)

उत्तर : कच्च्या आराखड्यातच शिवणीची उभी रेषा आखून घ्यावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना निदान एक सेंटिमीटर जागेत चेहरा, हात किंवा अक्षरे येऊ देऊ नयेत, जाड पुस्तकात ही जागा अधिक सोडावी. दोन पात्रे एकमेकांशी बोलत असतील, तर एकाला डाव्या आणि दुसऱ्याला उजव्या पानावर ठेवावे, म्हणजे शिवण त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत येते. बाहेरच्या तीन कडांना छपाईनंतर कापण्यासाठी तीन मिलिमीटर रंग वाढवून ठेवावा, फाइल मूळ छपाईच्या आकारात ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) करावी आणि छपाईपूर्वी चार रंगांतला नमुना मागून पाहावा, कारण पडद्यावरचे भडक हिरवे आणि केशरी रंग कागदावर मंद होतात. तुमच्या चित्रातील संध्याकाळचे केशरी आकाश याच कारणाने मळकट छापले गेले आहे. पुढच्या वेळी आकाश आहे तसेच ठेवून त्याच्या शेजारचे डोंगर अधिक निळे आणि अधिक गडद करून पाहा.